देणाऱ्याने दात मोजावेत

पत्र

"सप्रेम नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहते. माध्यमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाण्यात अडकलेल्या जनावरांची चित्रे दाखवणारी एका आंतरराष्ट्रीय प्राणीकल्याण संस्थेची जाहिरात मोबाइलवर आली आणि मी दरमहा ७५० रुपये खात्यातून परस्पर वळते करण्याची संमती दिली. ती आजही चालू आहे. गेल्या महिन्यात पुण्याहून आलेल्या पुतण्याने शोधून दाखवले, की या संस्थेच्या प्रमुखांचा वार्षिक पगार आपल्या पैशात काही कोटी आहे आणि जमा होणाऱ्या रुपयातले ३५ पैसे जाहिरात आणि कारभारावर जातात. मी संस्थेकडे हिशेब मागितला. उत्तरादाखल ४८ पानांचा इंग्रजी अहवाल आला. त्यात हत्ती आहेत, अस्वले आहेत, रंगीत वर्तुळे आहेत, पण माझ्या पैशाचे काय झाले ते मला सापडले नाही. यजमानांच्या घरी, तासगाव तालुक्यात, पूर्वी खिलार जोडी असे. त्यांच्या स्मरणार्थ पाच लाखांची एक ठेव जनावरांसाठी द्यायचे मी ठरवले होते. ती या संस्थेला द्यावी की इथल्याच एखाद्या पांजरपोळाला? दरमहाची देणगी बंद करावी का? आणि एक मनातले: आई म्हणायची, 'धर्माची गाय आणि दात का गं नाय'. दिलेल्या दानाचा हिशेब विचारणे अशोभनीय तर नाही ना?"

— एक वाचक, सांगली

उत्तर

आदरणीय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला नाही तर बाकीची उत्तरे वाचूनही तुम्ही स्वस्थच बसाल. आईंची म्हण खरी आहे, पण ती गाय घेणाऱ्याला उद्देशून आहे. फुकट मिळालेल्या गाईचे दात तपासत बसणे हा घेणाऱ्याचा अगोचरपणा झाला. देणाऱ्याने मात्र आपली गाय कोणाच्या दावणीला चालली आहे आणि तिथल्या गव्हाणीत वैरण आहे की नाही, हे पाहूनच कासरा दुसऱ्याच्या हाती द्यायचा असतो. तुम्ही गाय देणाऱ्या आहात. दात मोजण्याचा अधिकार तुमचाच आहे, आणि मी तर म्हणेन की ते तुमचे काम आहे.

या कामाची गरज प्राणिदयेच्या संस्थांना त्यांच्या जन्मापासून आहे. आज आरएसपीसीए या नावाने जगभर ओळखली जाणारी संस्था जून १८२४ मध्ये लंडनच्या एका कॉफीगृहात स्थापन झाली. (त्या कॉफीगृहाचे नाव 'ओल्ड स्लॉटर्स' असे होते. ते मालकाचे आडनाव होते खरे, पण प्राणिदयेची संस्था कत्तलीच्या नावाच्या घरात जन्मावी, ही गंमत माझ्या डोक्यातून कधी गेली नाही.) तिचे संस्थापक आणि पहिले चिटणीस पाद्री आर्थर ब्रूम हे अत्यंत सज्जन गृहस्थ होते, तरीही १८२६ मध्ये संस्थेच्या कर्जापायी त्यांनाच तुरुंगात जावे लागले, आणि रिचर्ड मार्टिन व लुईस गॉम्पर्ट्झ या सहकाऱ्यांनी पैसे उभे केले तेव्हा संस्था तरली. ब्रूम यांनी पैसा खाल्ला नव्हता. जमा किती आणि देणे किती याचा मेळ वेळेवर घातला गेला नव्हता, एवढेच. साताऱ्यात बसून तीस वर्षे सार्वजनिक न्यासांच्या वह्या तपासताना मला चोरीपेक्षा हाच प्रकार कितीतरी अधिक वेळा दिसला.

आता तुमच्या संस्थेकडे वळू. तुम्ही आणि पुतण्या दोघेही 'ही संस्था' असे म्हणता आणि एकच घर डोळ्यांपुढे आणता. आंतरराष्ट्रीय संस्था बहुधा तशी नसते. एकाच नावाखाली आणि एकाच बोधचिन्हाखाली अमेरिकेत एक, ब्रिटनमध्ये एक, भारतात एक, अशा वेगवेगळ्या कायद्यांखाली नोंदलेल्या, वेगळी विश्वस्त मंडळे आणि वेगळी बँक खाती असलेल्या अनेक संस्था असतात. भावकी एक असली तरी चुली वेगळ्या, असा तो प्रकार आहे. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारायचा, की माझे ७५० रुपये यांतल्या कोणत्या चुलीवर गेले. त्याचे उत्तर अहवालात शोधू नका. ते पावतीवर असते. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत संस्थेचे पूर्ण कायदेशीर नाव, नोंदणी क्रमांक, पॅन आणि पत्ता छापलेला असतो. पावती ई-मेलवर येत असेल तर ती पुतण्याकडून छापून घ्या. बँकेच्या पासबुकात पैसे कोणाच्या नावे गेले आहेत ते तिच्याशी ताडून पाहा.

पावती भारतात नोंदलेल्या संस्थेची असेल, तर पुतण्याने दाखवलेला कोट्यवधींचा पगार बहुधा तुमच्या पैशातून जात नाही. भारतातल्या धर्मादाय संस्थेला आयकरातून मिळणारी सूट टिकवायची असेल, तर तिचे उत्पन्न सर्वसाधारणपणे भारतातल्याच कार्यावर खर्च व्हावे लागते. बाहेर खर्च करायचे तर त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. म्हणजे लंडनच्या किंवा वॉशिंग्टनच्या कार्यालयातल्या प्रमुखांचा पगार तुमच्या विश्रामबागेतल्या निवृत्तिवेतनातून निघण्याची वाट कायद्याने अरुंद करून ठेवलेली आहे. त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्या, कारण जाहिरातवाले ती सांगत नाहीत: अहवालातले परदेशी हत्ती आणि अस्वलेही तुमच्या पैशाने वाचलेली नाहीत. तुमच्या पैशाचे काम इथेच, याच देशात झाले असले पाहिजे, आणि विचारायचे आहे ते त्याविषयीच. पावती थेट परदेशी संस्थेची निघाली तर मात्र पुतण्याचा आकडा तुमचाच आकडा आहे, असे समजून पुढचे वाचा.

पुतण्याने तो पगार शोधला कसा, हे सांगतो, म्हणजे त्यात रहस्य काही राहणार नाही. अमेरिकेतल्या करमुक्त संस्थांना दरवर्षी 'फॉर्म ९९०' नावाचे विवरणपत्र तिथल्या करखात्याकडे भरावे लागते आणि मागेल त्याला ते दाखवण्याचे बंधन असते. त्यात पदाधिकाऱ्यांचे आणि सर्वाधिक पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन नावानिशी लिहिलेले असते, आणि देशाबाहेर केलेल्या कामाचे वेगळे परिशिष्ट असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मादाय आयोगाची नोंदवही सर्वांना खुली आहे. वर्षाचे उत्पन्न २५,००० पौंडांहून अधिक असलेल्या संस्थांचे हिशेब तिथे फुकट वाचता येतात, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून १० महिन्यांत ते सादर झाले नाहीत तर उशिराची नोंदही सर्वांना दिसते. मोठ्या संस्थांच्या हिशेबात ६०,००० पौंडांवर वेतन घेणारे किती जण आहेत, हे दहा-दहा हजारांच्या टप्प्यांत दाखवलेले असते. कोट्यवधींचा पगार तुम्हाला दिसला तो लपवलेला नव्हता म्हणूनच. त्याचा राग येणे मी समजू शकतो, मलाही तो आकडा पचत नाही. पण ज्या संस्थेचा असा आकडा कुठेच सापडत नाही तिची मला अधिक काळजी वाटते.

भारतात असा एकच खुला दरवाजा नाही, दोन-तीन आहेत. संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून तिचे ताळेबंद पाहता येतात. महाराष्ट्रात नोंदलेला सार्वजनिक न्यास असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब तिथे दाखल करावे लागतात. अर्ज करून आणि ठरलेले शुल्क भरून त्यांच्या नकला मिळतात. सगळ्याच राज्यांत धर्मादाय आयुक्तांची अशी व्यवस्था नाही, त्यामुळे बाहेरच्या राज्यात नोंदलेल्या न्यासाचे हिशेब संस्थेकडूनच मागून घ्यावे लागतात, आणि तिथे संस्थेचा स्वभाव कळतो.

पुतण्या कदाचित असेही म्हणेल, की कारभारावर २० टक्क्यांहून अधिक खर्च करणे बेकायदा आहे. तसे नाही. विदेशी देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली, असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेण्याची सक्ती झाली आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळता करण्यास बंदी आली. हे सगळे परदेशातून आलेल्या पैशापुरते आहे. तुमच्या ७५० रुपयांना ही मर्यादा लागू नाही.

आता त्या ३५ पैशांविषयी, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी गाठ तिथे आहे. कारभाराचा खर्च किती टक्के, हा आकडा लोकांना फार आवडतो. तो लक्षात राहतो, दोन संस्थांची तुलना करता येते आणि रागवायला बरा पडतो. पण ज्यांनी हिशेब लिहिले आहेत किंवा तपासले आहेत, त्यांना माहीत असते की हा आकडा लवचीक आहे. देणगी मागणारे एक पत्र लाखो घरी पाठवले आणि त्याच्या पाठीमागे 'उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवा' असे छापले, तर अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे काही अटी पाळून त्या पत्राच्या खर्चाचा एक भाग 'लोकशिक्षण' म्हणून कार्यक्रमाच्या खात्यात टाकता येतो. दूरचित्रवाणीने फुकट दिलेल्या जाहिरातीच्या वेळेची किंमत लावून ती एकीकडे देणगी आणि दुसरीकडे कार्य म्हणून दाखवली, की कारभाराची टक्केवारी आपोआप उतरते. यात खोटे काही लिहिलेले नसते, तरीही तुमच्या हाती खरे काही लागत नाही. अमेरिकेत धर्मादाय संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या तीन संस्थांनी, ज्यांतल्या एकीने स्वतःच वर्षानुवर्षे या टक्केवारीवर गुण दिले होते, २०१३ मध्ये देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितले, की केवळ कारभाराच्या खर्चावरून संस्था पारखू नका.

माझा स्वतःचा अनुभव अधिक घरगुती आहे. जनावरे सांभाळणाऱ्या एका छोट्या न्यासाची वही काही वर्षे माझ्याकडे तपासणीला येत असे. कारभारखर्च शून्य. कारकून नाही, कार्यालय नाही, फोनचे बिलसुद्धा विश्वस्त आपल्या खिशातून भरत. देणगीदार त्यांना साधुपुरुष मानत आणि तसे सांगायला माझ्या कचेरीतही येत. पुढे एका वर्षी वैरणीच्या बिलांची बेरीज करताना लक्षात आले, की कडबा सगळा एकाच माणसाकडून येतो, बाजारभावाहून चढ्या दराने येतो, आणि तो माणूस विश्वस्तांचा चिरंजीव आहे. खर्च सगळा 'जनावरांवर' होता, एक पैसाही कारभारावर नव्हता, आणि तरीही दर उन्हाळ्यात गाईंच्या बरगड्या मोजता येत होत्या. तेव्हापासून शून्य कारभारखर्च दिसला की मी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतो.

याउलट, प्राण्यांच्या संस्थेत पगार म्हणजे उधळपट्टी असे समजणेही चूक आहे. औषधाची बाटली स्वतः चालत जाऊन बैलाच्या खांद्याला लागत नाही. तिला डॉक्टर लागतो, डॉक्टरला गाडी लागते, गाडीला चालक. विदेशी देणग्यांच्या नियमांतही रुग्णालयातल्या डॉक्टरांचा पगार प्रशासकीय खर्चात मोजत नाहीत. तुमच्या ३५ पैशांत नक्की काय आहे, हे म्हणूनच विचारायचे: त्यातले किती पैसे लेखापाल, लेखापरीक्षण आणि कार्यालयभाडे यांचे आहेत, आणि किती पैसे नवे देणगीदार मिळवून देणाऱ्या एजन्सीचे. माझ्या दृष्टीने पहिला खर्च रास्त आहे, दुसरा मर्यादेत हवा. रस्त्यावर किंवा फोनवर देणगीदार गोळा करण्याचे काम पुष्कळ मोठ्या संस्था बाहेरच्या एजन्सीला देतात आणि अशा देणगीदाराच्या सुरुवातीच्या काही महिन्यांच्या रकमा त्या एजन्सीच्या बिलातच जिरतात. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली, प्राण्यांच्या नव्हे, माजी सैनिकांच्या एका संस्थेच्या प्रकरणात अशाच टपाली देणगीमोहिमा चालवणाऱ्या कंपन्यांना तिथल्या महाधिवक्त्यांबरोबर २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक रकमेची तडजोड करावी लागली. तुमच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट अशी, की तुम्ही सहा वर्षे नेमाने देत आहात, म्हणजे तुमच्यापुरता तो खर्च केव्हाच फिटला असला पाहिजे. प्रश्न पुढच्या पैशाचा आहे.

तुमच्या संमतिपत्रावर आणखी एक गोष्ट पाहा. जाहिरात महापुराची होती, पण तुम्ही सही केली तो मजकूर 'संस्थेच्या सर्वसाधारण कार्यासाठी' असा होता का? बहुतेक वेळा तो तसाच असतो. चित्र एका संकटाचे आणि संमती सगळ्या कामाला, अशी ती रचना असते. ब्रिटनमधल्या हिशेबांत विशिष्ट हेतूने दिलेला पैसा आणि सर्वसाधारण पैसा वेगळ्या रकान्यांत दाखवावा लागतो, आणि तो रकाना पाहिला की पुराच्या नावाने आलेले पुरावर गेले का, हे लगेच दिसते. आपल्याकडे देणगीदाराने पत्रात हेतू लिहून दिला नाही, तर संस्था तो पैसा आपल्या कोणत्याही उद्दिष्टावर वापरू शकते, आणि त्यात तिची लबाडी नाही. चूक झाली असेल तर ती आपण बारीक अक्षरे न वाचण्याची.

टक्केवारी बाजूला ठेवली तर मग मोजायचे काय? जनावर मोजायचे. 'तीन लाख प्राण्यांपर्यंत पोहोचलो' या वाक्यात 'पोहोचलो' म्हणजे काय, हे विचारायचे. ऊस हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवर बैलगाड्या येतात. तिथे काम करणारी संस्था असेल, तर तिने किती बैलांच्या खांदेसुजेवर उपचार केले, कोणत्या तळावर, कोणत्या महिन्यांत, किती डॉक्टरांनी, हे तिला सांगता आले पाहिजे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांप्रमाणे दिवसात नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घ्यायचे नाही, आणि तापमान ३७ अंशांवर गेले तर दुपारी १२ ते ३ गाडी जुंपायची नाही. जी संस्था बैलांसाठी काम करते असे म्हणते, तिने या नियमांसाठी कारखान्याशी किंवा पोलिसांशी काय पत्रव्यवहार केला, हा फार चांगला प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर छायाचित्राने देता येत नाही. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे काम असेल तर मोजणी आणखी सोपी: शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करतात आणि काढलेले अवयव मोजून शस्त्रक्रियांच्या संख्येशी ताडतात. वाचायला बरे वाटत नाही, पण मला माहीत असलेल्या सगळ्या पडताळण्यांत हिच्याइतकी पक्की दुसरी नाही.

एक भागाकारही करून पाहा. समजा संस्था म्हणते की वर्षात दहा लाख रुपयांत पन्नास हजार जनावरांवर उपचार केले. म्हणजे जनावरामागे २० रुपये. यात डॉक्टर, औषध आणि गाडीचे डिझेल बसत नाही, हे तासगावच्या कोणत्याही शेतकऱ्याला कळेल. आणि मृत्यू विचारा. आजारी, म्हातारी, जखमी जनावरे जिथे येतात तिथे काही मरतातच. ज्या नोंदवहीत एकही मृत्यू नाही, ती नोंदवही नंतर एका बैठकीत लिहिलेली असते.

आयकराविषयी थोडक्यात. देणगीवरची, लोक जिला ८०जी म्हणून ओळखतात ती करसवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि सध्याच्या नव्या पद्धतीत वर्षाचे उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर, भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न सोडून, करच लागत नाही. निवृत्त शिक्षिकेला या सवलतीचे आमिष कोणी दाखवले तर ते तुमच्या उपयोगाचे नाही, असे सरळ सांगा. मात्र १०बीई या नावाने परिचित असलेले देणगी प्रमाणपत्र अवश्य मागा. संस्थेने तुमची देणगी तुमच्या पॅनसह आयकर खात्याला कळवल्यावरच ते प्रमाणपत्र तयार होते. म्हणजे तुमचे वर्षाचे ९,००० रुपये संस्थेच्या वहीत आले, याचा तो संस्थेबाहेरचा पुरावा आहे. ही पद्धत २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून आहे. तेव्हापासूनची सगळी प्रमाणपत्रे एकदम मागा आणि बेरीज पासबुकाशी जुळवा.

संस्थेला पुन्हा लिहा, पण 'हिशेब पाठवा' असे मोघम लिहू नका. मोघम मागितले की मोघमच येते, तसा तो ४८ पानांचा अहवाल आला. मराठीतच लिहा, महाराष्ट्रात देणगी मागणाऱ्या संस्थेला मराठी पत्र वाचता आले पाहिजे. लिहा, की माझी देणगी आपल्या कोणत्या नोंदणीकृत संस्थेत जमा होते, तिचा नोंदणी क्रमांक काय आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षकाच्या सहीचे ताळेबंद व जमाखर्चाचे पत्रक कोठे पाहता येईल. सांगली, सातारा किंवा लगतच्या जिल्ह्यांत गेल्या वर्षी कोणते काम झाले आणि ते मला किंवा माझ्या नातेवाइकाला प्रत्यक्ष पाहता येईल का. देणगी गोळा करण्यासाठी बाहेरच्या एजन्सीला किती रक्कम दिली. विश्वस्तांच्या किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या संस्थांशी काही खरेदी-विक्रीचा व्यवहार झाला आहे का. परदेशातल्या मूळ संस्थेला नावाच्या वापरासाठी किंवा सेवांसाठी काही रक्कम दिली आहे का. वर्षाअखेर किती शिल्लक राहिली आणि ती कशासाठी राखून ठेवली, कारण उत्पन्नाच्या ८५ टक्के भाग त्या वर्षी कार्यावर खर्च करण्याची अपेक्षा आहे आणि उरलेल्या १५ टक्क्यांहून अधिक साठवायचे तर हेतू कळवावा लागतो. इतकेच विचारा. जिचे हिशेब वेळच्या वेळी लिहिलेले आहेत त्या संस्थेच्या लेखापालाचा यात अर्धा दिवस जाईल.

सहा आठवडे थांबा. मुद्देसूद उत्तर आले, तर ते अपुरे असले तरी देणगी चालू ठेवा. ज्या संस्थेचा माणूस 'सांगली जिल्ह्यात आमचे काम नाही, सोलापुरात आहे, येऊन पाहा' असे लिहितो, ती मला आवडते. उत्तराऐवजी पुन्हा रंगीत अहवाल आला, किंवा 'आपल्यासारख्यांच्या प्रेमावरच आम्ही उभे आहोत' असे काही आले, तर बँकेत जाऊन वळतीची संमती लेखी रद्द करा. त्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही; बँक तसे म्हणाली तर शाखाधिकाऱ्यांना अर्जाची पोच मागा.

पाच लाखांचे मात्र मी एकदम कोणालाही देऊ देणार नाही, ना त्या संस्थेला, ना सांगलीतल्या पांजरपोळाला. जवळची संस्था आपोआप चांगली असते असे मुळीच नाही. वैरणीच्या बिलांची गोष्ट वर सांगितलीच. जवळच्या संस्थेचा फायदा एवढाच, की तिथे तुम्ही रिक्षाने जाऊ शकता. तर जा. देणगीदार म्हणून कळवून, सत्काराच्या दिवशी जाऊ नका. एप्रिल-मे महिन्यात, वैरण महाग झालेली असते तेव्हा, सकाळी नऊच्या सुमाराला जा. पाण्याच्या हौदाचा तळ पाहा, खुरांकडे पाहा, आवक-जावकीची वही पाहायला मागा. मग धर्मादाय कार्यालयातून हिशेबाच्या नकला घ्या आणि लेखापरीक्षकाच्या अहवालातले शेरे आधी वाचा, ताळेबंद नंतर.

समाधान झाले तर पहिल्या वर्षी पन्नास हजार द्या, सोबत पत्र द्या आणि पत्रात हेतू लिहा. इथे एक निवड तुम्हाला करावी लागेल. 'कायम निधीसाठी' असे लिहिलेत, तर मूळ रक्कम गुंतवून ठेवावी लागते आणि व्याज तेवढे खर्च होते; यजमानांचे नाव दीर्घकाळ राहते, पण दरवर्षी जनावरांच्या वाट्याला थोडे येते. 'बैलांच्या उपचारासाठी' असे लिहिलेत, तर पैसा दोन-तीन हंगामांत संपतो आणि त्या हंगामांतल्या बैलांना त्याचा पुरेपूर उपयोग होतो. मी दुसरे सुचवेन. भिंतीवरच्या संगमरवरी पाटीचा जनावरांना उपयोग नसतो, आणि खिलार जोडी सांभाळलेल्या घराला हे मी वेगळे सांगायला नको.

उरलेली रक्कम तुमच्या नावे ठेवीतच राहू द्या. वय वाढेल तशी ती लागू शकते, आणि तसे झाले तर त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. तुमच्या पश्चात ती जनावरांसाठी जावी अशी इच्छा असेल, तर ठेवीवर संस्थेचे नामनिर्देशन चालत नाही, ते व्यक्तीच्याच नावे करावे लागते. त्यासाठी मृत्युपत्र करा. त्यात 'अमुक प्राणीकल्याण संस्था' असे नुसते लोकांच्या तोंडातले नाव घालू नका, कारण त्या नावाच्या चार चुली आहेत हे आपण पाहिले. पावतीवरचे पूर्ण कायदेशीर नाव, नोंदणी क्रमांक आणि पॅन लिहा, ती संस्था त्या वेळी अस्तित्वात नसेल तर रक्कम कोणाला जावी तेही लिहा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पुतण्याला त्या मृत्युपत्रात काही देणार असाल, तर साक्षीला दुसरा माणूस घेणे बरे.